टिपण आणि दप्तर : लेखांक सहावा – कारीची शकावली

एकट्या अभ्यासकाने आपली टिपणे कशी ठेवावीत याचा विचार गेल्या लेखांकात झाला. परंतु कचेरीत, शाळेत किंवा संशोधनसंस्थेत अनेकांनी मिळून काम चालवावयाचे असते तेव्हा एकाचे टिपण दुसऱ्याच्या उपयोगी कसे पडावे, हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी भोर तालुक्यात, रायरेश्वराच्या परिसरातील कारी या गावापर्यंत जाणे मला अगत्याचे वाटते.

कारी हे रोहिडखोऱ्याचे देशमुख जेधे यांचे गाव. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी वतनावर पाणी सोडून शिवाजीमहाराजांच्या पाठीशी उभे राहिलेले कान्होजी जेधे ते याच घराण्यातले. या घराण्याने जतन केलेल्या शकावलीची घडण अत्यंत साधी आहे : शक, संवत्सर, मास, तिथी, कित्येकदा वार, आणि पुढे थोडक्यात काय घडले ते. इ. स. १६१८ पासून १६९७ पर्यंतचा काळ तिने अशा नोंदींत बांधला आहे. त्याच घराण्याचा ‘करीना’ मात्र हकीकत सलग सांगतो. एकीत घटनांचा क्रम, दुसऱ्यात त्यांचा अन्वय. अभ्यासाला दोन्ही लागतात.

ही शकावली देशमुखांच्या दप्तरातच राहिली असती, तर घराण्याचा अभिमान यापलीकडे तिचे मोल क्वचितच वाढले असते. परंतु १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने सापडलेला कागद सभेत वाचावा, छापावा आणि त्यावर आक्षेप मागवावेत असा प्रघात पाडला होता, आणि १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी ती शकावली मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध केली. तोवर महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखातला मानण्याची रूढी होती. शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी निघाली. वाद माजला, आणि तो माजला हे फार चांगले झाले, कारण ‘शिवभारता’तही तीच तिथी आहे हे ताडून पाहणे, प्रत्येकाच्या हाती तोच छापील मजकूर असल्यामुळेच, सर्वांना शक्य झाले.

आता वेल्ह्यासारख्या डोंगरी मुलखातील आजची कोणतीही कचेरी डोळ्यांसमोर आणावी. भातावर करपा कोणत्या शिवारात प्रथम दिसला, कोणत्या ओढ्यावरचा साकव कोणत्या पावसात पाण्याखाली गेला, हे तेथील अनुभवी कर्मचाऱ्यास तोंडपाठ असते. त्याची बदली होते आणि ते ज्ञान त्याच्याबरोबर तालुक्याबाहेर जाते. यावर उपाय जुन्या कारकुनांना ठाऊक होता. रोजकीर्दीत जे घडेल ते तारीखवार उतरावे आणि तेच खतावणीत विषयवार लावावे, ही त्यांची दुहेरी शिस्त संगणकावरच्या सामाईक वहीलाही जशीच्या तशी लागू पडते. नोंद त्याच दिवशी व्हावी. खाली लिहिणाऱ्याचे नाव असावे. स्वतः पाहिलेले आणि ऐकीव यांतला भेद स्पष्ट असावा. आणि नोंद चुकीची ठरल्यास ती खोडू नये, दुरुस्ती तारखेसह खाली लिहावी, म्हणजे आधी काय समजले जात होते तेही मागून येणाऱ्यास कळते. वही मात्र सर्वांना उघडी हवी, अगदी नव्या शिकाऊ माणसालाही.

विषयवार लावणीची शीर्षके कोणी व कशी ठरवावीत, हा यातला सर्वांत कठीण भाग असून त्याला पुढचा संपूर्ण लेखांक द्यावा लागेल.