आतड्यातील श्लेष्म आणि मनोविकारांची गमके

ज्वर आहे की नाही हे तापमापक सांगतो, मधुमेह आहे की नाही हे रक्तातील साखर सांगते. परंतु छिन्नमनस्कता किंवा तीव्र नैराश्य यांच्या निदानासाठी वैद्यापाशी असे कोणतेही साधन अद्याप नाही. रोगी काय बोलतो, कसा बोलतो, कोठे अडखळतो आणि त्याचे आप्त त्याच्याविषयी काय सांगतात, यांवरच मुख्यत्वे निदान उभे राहते. अमेरिकन मनोवैद्यक संघाने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या निदानसंहितेच्या पाचव्या आवृत्तीतही या विकारांच्या निकषांत रक्ताच्या एकाही परीक्षेला स्थान मिळालेले नाही. भाषेच्या अभ्यासकास यात काही वावगे वाटणार नाही. मात्र एखाद्याला वेडा ठरवावयाचे की नाही हा निर्णय केवळ संभाषणावर सोपविणे रोग्याला आणि वैद्याला सारखेच जड जाते. म्हणूनच रक्तातील एखादे प्रथिन या विकाराची साक्ष देईल काय, हा प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला आहे. अलीकडे या शोधाची दृष्टी अशा एका पदार्थाकडे वळली आहे की ज्याचे नाव सभ्य संभाषणात सहसा निघत नाही. तो पदार्थ म्हणजे आतड्यातील श्लेष्म.

‘श्लेष्म’ हा शब्द ‘श्लिष्’ म्हणजे चिकटणे, बिलगणे या धातूपासून आलेला आहे. आमांशात तो मलावाटे पडू लागला म्हणजे मराठी माणूस त्यास ‘आव’ म्हणतो. निरोगी अवस्थेत तो दिसत नाही, आणि प्रयोगशाळेतही तो दीर्घकाळ नीट दिसला नव्हता. ऊतींचे तुकडे टिकविण्यासाठी सर्रास वापरले जाणारे फॉर्मॅलिनचे द्रावण पाण्यात केलेले असते. त्यात श्लेष्माचा थर आकसून नाहीसा होतो. पाणी नसलेले, कार्नॉय या नावाने ओळखले जाणारे द्रावण वापरले म्हणजे तो टिकतो. स्वीडनमधील गॉथेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी 2008 साली उंदरांच्या मोठ्या आतड्यातील या थराचे चित्र स्पष्ट केले, तेव्हा एकाऐवजी दोन थर असल्याचे आढळले. बाहेरचा थर सैल असून त्यात सूक्ष्मजंतूंची दाट वस्ती असते. आतला थर घट्ट, पेशींना चिकटून बसलेला आणि जवळजवळ जंतुरहित असतो. उंदरात त्याची जाडी सुमारे 50 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, इतकीच असते. मनुष्यात ती याहून बरीच अधिक असते.

हे दोन्ही थर मुख्यत्वे एकाच प्रथिनाचे बनलेले असतात. त्यास म्युसिन-2 म्हणतात. पाच हजारांहून अधिक अमिनो आम्लांच्या या लांबलचक रेणूवर शर्करेच्या असंख्य साखळ्या लोंबत असतात, आणि त्याच्या वजनाचा बहुतांश भाग या साखळ्यांचाच असतो. चषकाच्या आकाराच्या पेशींत ते घडी घालून ठेवलेले असते. बाहेर पडताच पाणी शोषून ते शेकडो पटींनी फुगते आणि जाळ्यासारखे पसरते. हे जाळे काही तासांतच नवे होत राहते. म्युसिन-2 निर्माण करण्याची शक्तीच काढून घेतलेल्या उंदरांत जंतू थेट पेशींना भिडतात आणि आतड्याला दाह जडतो. या थराचे दुसरे वैशिष्ट्य असे की जंतू त्याच्यावर उपजीविकाही करतात. 2004 साली नेदरलँड्समधील संशोधकांनी वेगळा काढलेला अकर्मन्सिया म्युसिनिफिला हा जंतू तर नावानेच श्लेष्मप्रिय आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, मानवी आतड्यातील निवडक जंतू ज्यांच्यात सोडले होते अशा उंदरांच्या आहारातून तंतुमय पदार्थ काढून घेतले असता, भुकेल्या जंतूंनी श्लेष्माच्याच शर्करा खावयास आरंभ केला व थर पातळ झाला. आहार आणि श्लेष्म यांचा हा संबंध पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

मनोविकारांशी याचा संबंध जोडणारी कल्पना थोडक्यात अशी: थर विरविरीत झाला म्हणजे जंतूंच्या भित्तिकेतील द्रव्ये रक्तात झिरपतात, रोगप्रतिकारयंत्रणा चेतते, आणि तिचे संदेशवाहक रेणू मेंदूच्या कार्यावर परिणाम करतात. माणसाच्या आतड्यातील थर मोजणे सोपे नाही. म्हणून रक्तातील प्रथिनांवरून त्याचे अनुमान करावयाचे. जंतुद्रव्याला बांधणारे यकृतातील एक प्रथिन, पांढऱ्या पेशींपासून सुटणारे सीडी-14, आतड्याच्या पेशी मोडल्यावर बाहेर पडणारे मेदबंधक प्रथिन, ही त्यांपैकी प्रमुख होत. 2008 साली बेल्जियममधून नैराश्याच्या रोग्यांत आतड्यातील जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे अधिक असल्याचे, तर 2013 साली बाल्टिमोरमधून छिन्नमनस्कतेच्या रोग्यांत सीडी-14 वाढल्याचे प्रसिद्ध झाले. मात्र या दुसऱ्या अभ्यासात निरनिराळी प्रथिने एकच कथा सांगत नव्हती, आणि अभ्यासकांनी ही विसंगती लपविली नाही, हे त्यांस भूषणावह आहे.

येथे भारतीय तर्कशास्त्रातील एका भेदाची आठवण होणे अपरिहार्य आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. अग्नीवरून धुराचे करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघण्यास ओले इंधन लागते, आणि या दडून राहिलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. दोन गोष्टी नेहमी एकत्र दिसल्या तरी त्यांचे साहचर्य एखाद्या उपाधीमुळे आहे काय, हे पाहिल्यावाचून एकीस दुसरीचे गमक म्हणता येत नाही. मनोविकारांच्या प्रथिन-गमकांचा इतिहास हा बव्हंशी न ओळखलेल्या उपाधींचा इतिहास आहे.

1957 साली स्वीडनमधील ओकरफेल्ट यांनी एक परीक्षा पुढे मांडली. मनोरुग्णांच्या रक्तजलात एक विशिष्ट रसायन मिसळले असता ते निरोगी माणसांच्या रक्तजलापेक्षा लवकर रंगते, असे त्यांना आढळले होते. हा रंग सेरुलोप्लाझ्मिन या ताम्रयुक्त प्रथिनामुळे येतो. वृत्तपत्रांतून मोठी आशा व्यक्त झाली. परंतु क जीवनसत्त्व ही क्रिया मंदावते, आणि वर्षानुवर्षे रुग्णालयात राहणाऱ्यांच्या अन्नात ताजी फळे व भाज्या अल्प असत. जो रंग वेडाचा समजला गेला तो बऱ्याच अंशी रुग्णालयाच्या मुदपाकखान्याचा होता. शिवाय हे प्रथिन गर्भारपणात आणि साध्या संसर्गातही वाढते. सीमर केटी यांनी 1959 साली छिन्नमनस्कतेच्या जीवरासायनिक उपपत्तींचा जो परामर्श घेतला, त्यात अशा उपाधी एकामागून एक उघड केल्या. तो आजही वाचण्याजोगा आहे.

अलीकडचे उदाहरण याहून बोधप्रद आहे, कारण त्यात घोटाळा नावाचाच झाला. आतड्याच्या पेशींमधील सांधे सैल करणाऱ्या एका प्रथिनाला 2000 साली ‘झोन्युलिन’ हे नाव मिळाले. 2009 साली हे प्रथिन म्हणजे हॅप्टोग्लोबिन-2 चे पूर्वरूप असल्याचे सांगण्यात आले. ते मोजण्याचे तयार संच बाजारात आले, आणि नैराश्यापासून स्वमग्नतेपर्यंत अनेक विकारांत ‘झोन्युलिन’ मोजले गेले. आता काही माणसांत जन्मतःच हॅप्टोग्लोबिन-2 तयार होत नाही. त्यांच्या रक्तात हे पूर्वरूप असणे शक्यच नाही. 2018 साली असे दाखविण्यात आले की एक बहुवापरातील संच अशा माणसांच्या रक्तातही ‘झोन्युलिन’ दाखवीत होता. 2019 साली आणखी एका अभ्यासाने या संशयास पुष्टी दिली. संच काही तरी मोजत होता. परंतु वेष्टनावरील शब्द आणि नळीतील पदार्थ एक नव्हते. संज्ञा स्थिर असली म्हणजे संज्ञित वस्तूही स्थिर असते, हा समज व्याकरणकारांप्रमाणे रसायनज्ञांनाही चकवू शकतो.

गमकालाच कारण मानण्याचे परिणाम केवळ शोधनिबंधापुरते राहत नाहीत. न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक हेन्री कॉटन यांची विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत अशी खात्री झाली होती की वेड हे शरीरात दडलेल्या संसर्गाच्या विषामुळे येते. त्यांनी प्रथम रोग्यांचे दात काढविले. तेवढ्याने गुण न आल्यास मोठे आतडे काढविले. या शस्त्रक्रियेत सुमारे 30 टक्के रोगी दगावत, असे खुद्द त्यांच्याच आकड्यांवरून दिसते. फिलिस ग्रीनएकर यांनी केलेल्या चौकशीत हे प्रमाण त्याहून अधिक निघाले. तरी त्यांचा अहवाल त्या काळी प्रसिद्ध झाला नाही. ज्यांच्यावर ही शस्त्रक्रिया झाली त्यांच्यापैकी कित्येकांची संमती कोणी विचारलीही नव्हती.

आजच्या संशोधनाला कॉटन यांच्या पंक्तीला बसविणे अन्यायाचे होईल. आज बाण दोन्ही दिशांनी तपासला जातो. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या जातीच्याच मोठ्या प्राण्यांना, म्हणजे घुशीसारख्या प्रयोगशालेय रॅटना, काही दिवस सतत भयाच्या ताणाखाली ठेवले असता म्युसिनवरील शर्करांची रचना बदलली आणि थराचे संरक्षक गुण घटले. म्हणजे मनावरील ताण हाच श्लेष्म बिघडवू शकतो. मग मनोरुग्णाचे आतडे विरविरीत आढळले तर ते विकाराचे मूळ, विकाराचे फळ, की औषधांचा, धूम्रपानाचा व निकृष्ट आहाराचा संयुक्त परिणाम, हे एका वेळच्या रक्तपरीक्षेने ठरणार नाही. त्यासाठी विकार प्रकट होण्यापूर्वीपासून त्याच माणसांचे रक्त वर्षानुवर्षे तपासावे लागेल.

एका मर्यादित अर्थाने मात्र गमक उपयोगी पडेल असे दिसते. 2013 साली अटलांटा येथील संशोधकांनी, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या 60 रोग्यांवर इन्फ्लिक्सिमॅब या दाहशामक औषधाचा प्रयोग केला. सर्वांचा एकत्रित विचार करता ते निर्गुण औषधाहून सरस ठरले नाही. परंतु ज्यांच्या रक्तात सी-प्रतिक्रियाशील प्रथिन लिटरमागे 5 मिलिग्रॅमहून अधिक होते त्यांना त्याचा लाभ झाल्याचे दिसले. ज्यांच्यात ते कमी होते त्यांची प्रगती उलट मंदावलेली आढळली. गट लहान होता, त्यामुळे यावर अधिक भार टाकता येत नाही. तरीही प्रश्नाचे स्वरूप येथे बदललेले आहे. ‘या माणसाला नैराश्य आहे काय?’ असे रक्ताला विचारलेले नाही. ते रोग्याच्या बोलण्यावरूनच ठरलेले आहे. रक्ताला विचारले आहे ते एवढेच की या रोग्याला हे औषध द्यावे की न द्यावे.