नेम कशावर धरावयाचा?

दुसरी-तिसरीतल्या मुलाने ‘वर्गातले सगळे बंदुकीचा खेळ खेळतात, मलाही हवा’ असा हट्ट धरला, की बहुतेक घरांत दोनच उत्तरे तयार असतात. एक घर ‘तसले खेळ आपल्याकडे चालायचे नाहीत’ असे सांगून विषय मिटवते. दुसरे घर दिवसभराच्या कामाने दमलेले असते; ते वडिलांचा मोबाइल मुलाच्या हाती देऊन मोकळे होते. पहिल्या घरातला मुलगा तोच खेळ शेजारी जाऊन खेळतो, आणि दुसऱ्या घरातला मुलगा नेमके काय खेळतो आहे याची कुणालाच कल्पना नसते. दोन्ही घरे वरकरणी परस्परविरुद्ध वागत असली, तरी त्यांनी एकच गोष्ट टाळलेली असते, ती म्हणजे निवड. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी पुस्तक, चित्रपट, सहलीचे ठिकाण या साऱ्यांची निवड करणारे पालक व्हिडिओ गेमपाशी येऊन थबकतात, कारण हा प्रांत आपला नव्हे असे त्यांनी मनाशी ठरवून टाकलेले असते.

वस्तुतः बंदुकीचे आकर्षण मोबाइलने निर्माण केलेले नाही. दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूल, जत्रेत फळीवर टांगलेले फुगे फोडण्याची छर्ऱ्याची बंदूक, कैऱ्या पाडण्याची बेचकी, लगोरीचा चेंडू, या सर्वांत नेम साधण्याचाच आनंद आहे आणि तो निरोगी आनंद आहे. मात्र त्या खेळांना आपापल्या मर्यादा होत्या. टिकल्यांची डबी संपे, जत्रा उठे, आणि नेम धरावयाचा तो फुग्यावर किंवा कैरीवर. माणसावर बेचकी रोखणाऱ्याचा कान पिळला जाई. पडद्यावरच्या नेमबाजीत या मर्यादा आपोआप येत नाहीत. त्या कुणीतरी घालाव्या लागतात.

त्या घालण्याचा विचार प्रारंभी खेळ रचणाऱ्यांनी स्वतःच केला होता. १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार झाला. त्यात दोन अवकाशयाने एकमेकांवर मारा करीत. १९७८ मध्ये जपानच्या तायतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला, तेव्हा माणसांवर गोळ्या झाडावयास लावणे बरे नव्हे असा विचार होऊन पडद्यावर परग्रहावरचे प्राणी आले. पुढे ‘वुल्फेन्स्टाईन थ्रीडी’ (१९९२) आणि ‘डूम’ (१९९३) या खेळांनी खेळणाऱ्याची जागाच बदलली. आता तो पडद्याबाहेरून पाहणारा राहिला नाही. बंदुकीची नळी त्याच्या डोळ्यांसमोर आली आणि समोरचा रक्तबंबाळ होऊन कोसळू लागला. याच सुमारास आपल्याकडच्या अनेक मध्यमवर्गीय घरांत दूरदर्शन संचाला जोडावयाच्या स्वस्त नकली यंत्रांवर ‘काँट्रा’ मनसोक्त खेळला जात होता. आज जे पालक चिंतेत आहेत, त्यांतील कित्येकांचे बालपण त्याच खेळात गेले आहे. हाच ‘काँट्रा’ १९९० साली युरोपात ‘प्रोबोटेक्टर’ या नावाने गेला, तेव्हा त्यातली माणसे काढून त्यांच्या जागी यंत्रमानव घालण्यात आले. जर्मनीतील बालसंरक्षणाचे नियम कडक होते. खेळ तोच, चपळाई तीच. बदलले ते एवढेच, की गोळी कशाला लागते.

डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये जोसेफ लिबरमन यांच्या पुढाकाराने या खेळांची सुनावणी झाली. सरकार कायदा करील या धास्तीने उद्योगाने १९९४ मध्ये स्वतःच वयनिर्देशाचे मंडळ उभारले. त्याचे ‘ई’ म्हणजे सर्वांसाठी, ‘ई टेन प्लस’ म्हणजे दहा वर्षांपुढे, ‘टी’ म्हणजे तेरा वर्षांपुढे आणि ‘एम’ म्हणजे सतरा वर्षांपुढे. युरोपात २००३ पासून ‘पेगी’ ही पद्धत आहे. तिचे आकडे ३, ७, १२, १६ आणि १८ असे आहेत. हे आकडे उपयुक्त आहेत, परंतु ते देववाणी नव्हेत. निन्टेन्डोच्या ‘स्प्लाटून’ला युरोप सातव्या वर्षी परवानगी देतो, अमेरिका दहाव्या. उलट ‘पबजी’ला युरोपात १६ चा आकडा आहे, तर अमेरिकेत ‘टी’. एकाच खेळाविषयी दोन शहाण्या समाजांत तीन-तीन वर्षांचे अंतर पडते याचा अर्थ एवढाच, की त्या आकड्यांमागे मोजमाप कमी आणि त्या त्या समाजाची रुची अधिक असते. पालकांनी आकडा पाहावाच. परंतु तो पाहून पुढचे पाहणे थांबवू नये.

आपल्या देशात तर स्वतःचा असा आकडाही नाही. चित्रपटांसाठी १९५२ चा कायदा आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्यात ७, १३ व १६ वर्षांपुढील अशा पायऱ्याही आल्या. खेळांसाठी असे मंडळ नाही. गुगलच्या प्ले स्टोअरवर जो आकडा दिसतो तो खेळ तयार करणाऱ्याने भरून दिलेल्या प्रश्नावलीवरून ठरणारा आंतरराष्ट्रीय आकडा आहे. मंडळाऐवजी आपल्याकडे बंदी येते. मार्च २०१९ मध्ये राजकोटच्या पोलिसांनी ‘पबजी’ खेळणाऱ्या काही तरुणांना पकडले होते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्या खेळावर देशभर बंदी घातली, फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फ्री फायर’वर घातली, आणि घरोघरच्या पालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण या दोन्ही केंद्रीय बंदी देशाच्या सुरक्षेच्या आणि माहितीच्या गोपनीयतेच्या कारणाने होत्या. मुलाच्या वयाचा त्यांत विचारच नव्हता. ‘पबजी’ २०२१ मध्ये नव्या नावाने परतला. नव्या अवतारात रक्ताचा रंग हिरवा झाला आणि ठार मारण्याला सौम्य शब्द आला. २०२५ चा ऑनलाइन खेळांविषयीचा कायदाही मुख्यतः पैसे लावून खेळावयाच्या खेळांविरुद्ध आहे. आठ वर्षांच्या मुलाने कोणत्या बंदुकीने काय टिपावे हे ठरविण्याचे काम अशा रीतीने घराकडेच राहिले आहे.

मग घराने काय पाहावे? पहिली गोष्ट म्हणजे नेम कशावर आहे आणि तो लागल्यावर काय होते. हिरवे रक्त हे रक्तच असते. रंग बदलून माणूस झाकत नाही. याउलट ‘स्प्लाटून’ची रचनाच निराळी आहे. त्यात पिचकाऱ्यांनी शाई उडवावयाची असते. चार-चार जणांचे दोन संघ असतात आणि त्याच्या मुख्य प्रकारात कुणी किती जणांना टिपले यावर जय ठरत नाही. कुणी किती जमीन आपल्या रंगाने रंगवली यावर ठरतो. शाईने भिजलेला खेळाडू क्षणात पुन्हा उभा राहतो. रंगपंचमी ठाऊक असलेल्या मुलाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २००९ सालच्या ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’मध्ये वाटाण्याचे रोप अंगणात घुसणाऱ्या गबाळ्या भुतांवर वाटाणे झाडते. तिथे हाताच्या चपळाईपेक्षा कोणते रोप कुठे लावावे याचा विचार अधिक लागतो. त्याच वर्षीचा ‘अँग्री बर्ड्स’ ही तर सरळ बेचकीच आहे. नेम धरण्याची हौस या खेळांत पुरेपूर भागते. मुलाला हवी असते ती हौस. प्रेत त्याला हवे असतेच असे नाही.

दुसरी गोष्ट आकड्यात कधीच येत नाही. वयनिर्देश पडद्यावरच्या चित्राला दिलेला असतो, पडद्यापलीकडच्या माणसाला नव्हे. खेळणाऱ्यांच्या परस्पर संभाषणाला आपला निर्देश लागू नाही, हे अमेरिकी मंडळ स्वतःच सांगते. ‘फोर्टनाइट’ हा खेळ दिसावयास रंगीबेरंगी आहे. त्यात रक्त नाही, नाच आहेत. परंतु अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय त्यात मुलांसाठीसुद्धा आधीपासूनच चालू ठेवलेली होती, आणि नकळत खरेदी होईल अशी बटणांची मांडणी होती, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये एपिक गेम्स या कंपनीने ५२ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यांतले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या गोपनीयतेचा भंग केल्याबद्दलचा दंड होता, तर साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत करावयाचे होते. मुलाच्या कानात इअरफोन असतो तेव्हा त्याला कोण कोणत्या भाषेत काय म्हणते आहे हे शेजारी बसलेल्या आईलाही ऐकू येत नाही. पडद्यावर गोळी लागून पडलेल्या बाहुल्यापेक्षा कानात पडलेली घाणेरडी शिवी आठ वर्षांच्या मुलाजवळ अधिक काळ राहते. पडद्याकडे पाहून चिंता करणारे पालक कानाकडे लक्ष देत नाहीत, हे मोठे आश्चर्य आहे.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. जो खेळ एकदा पैसे देऊन विकत घ्यावा लागतो, त्याला मुलाला पुनःपुन्हा भुलविण्याची गरज तुलनेने कमी असते. फुकट मिळणाऱ्या खेळाला आपला खर्च दुसरीकडून काढावा लागतो; म्हणून पोशाख, पेट्या, बक्षिसे आणि ‘आजच घ्या’ अशा सूचना. ‘स्प्लाटून’साठी निन्टेन्डोचे यंत्र लागते आणि त्याची किंमत कारकुनाच्या वा शिक्षकाच्या पगारातून सहज निघत नाही. आपल्याकडचे मूल खेळते ते वडिलांच्या मोबाइलवर, ज्यात वडिलांचे बँकेचे खातेही असते. म्हणून परदेशी नियतकालिकांतल्या शिफारशींच्या याद्या येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत. येथे निकष असा लावावा लागतो: आंतरजाल बंद करूनही जो चालतो, ज्यात अनोळखी माणूस येऊ शकत नाही, आणि ज्यात काही विकत घेण्यासाठी संकेतशब्द विचारला जातो, असा खेळ. हे तिन्ही साधणारे नेमबाजीचे खेळ मोबाइलवर आहेत. जाहिरातींच्या गर्दीत ते शोधावे मात्र लागतात.

तिसरी गोष्ट डावाच्या लांबीची. शंभर जण उतरून शेवटी एकच उरतो अशा खेळाचा डाव अर्ध्या तासापर्यंत लांबतो. मधून उठले तर सोबती तोंडघशी पडतात. ‘जेवायला ये’ म्हटल्यावर मूल ‘थांब ना, मरेन ना मी!’ असे ओरडते तेव्हा त्याला उद्धट ठरविण्यापूर्वी त्या डावाची घडण पाहावी. ‘स्प्लाटून’चा डाव तीन मिनिटांचा असतो. तीन मिनिटे कोणतीही आई थांबू शकते. खेळ निवडताना डाव किती वेळाचा आहे हा प्रश्न फार थोडे पालक विचारतात, आणि रोजची भांडणे बहुधा तिथेच उगवतात.

बंदुकीचे खेळ खेळून मुले खुनी होतात काय, हा प्रश्न मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण त्यावर आवश्यकतेपेक्षा अधिक आरडाओरड झाली आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हिंसक खेळ आणि मुलांचे आक्रमक वर्तन यांत त्यांना संबंध आढळला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनला आक्रमकपणाशी थोडासा संबंध दिसतो, परंतु समाजातल्या हिंसाचाराचे खापर खेळांवर फोडू नये असे तिनेही २०२० मध्ये बजावले. तथापि चौदा वर्षांच्या मुलाविषयीचा निष्कर्ष सात वर्षांच्या मुलाला लावता येत नाही. सात वर्षांच्या मुलाला प्रौढांचा खेळ नाकारण्यासाठी तो पुढे गुन्हेगार होईल अशी भीती घालण्याची जरुरीच नाही. तो घाबरतो, रात्री दचकून उठतो, सकाळी वर्गात पेंगतो, एवढी कारणे पुरेशी आहेत. शिक्षकांना ती पहिल्या तासालाच दिसतात.

म्हणून खेळ देण्यापूर्वी पालकाने तो स्वतः खेळावा. जाहिरातीतली चित्रफीत पाहून भागत नाही. एक पूर्ण डाव, आवाज मोठा ठेवून खेळला की वर सांगितलेले सारे अर्ध्या तासात उमगते. नेम चुकतो, मुलगा हसतो, ‘बाबा, असं नाही, असं’ म्हणून हात धरतो. त्याच्याजवळ बसण्याची ही संधी एरवी सहसा मिळत नाही. मित्र खेळतात तो खेळ का नाही, या प्रश्नालाही मग नुसत्या नकाराऐवजी उत्तर देता येते: बारा वर्षांचा झालास की आपण दोघे बसून पाहू. मुले अशी तारीख लक्षात ठेवतात, तेव्हा ती पाळण्याच्या तयारीनेच द्यावी.

राहता राहिला दोन खोल्यांच्या घरातला खरा पेच. तिथे थोरला पंधरा वर्षांचा असतो आणि धाकटा आठ. थोरल्याने लावलेल्या खेळाचा आकडा थोरल्याच्या वयाला साजेसा असला, तरी धाकटा त्याच्या खांद्यावरून सगळे पाहत असतो. किंबहुना गोळ्या संपल्या की तोच आधी ओरडतो. अशा घरांत धाकट्याचा मोबाइल काढून घेऊन काही साधत नाही. बोलावयाचे ते थोरल्याशी: त्याचा डाव धाकटा झोपल्यावर, इअरफोन लावून, आणि संध्याकाळचा अर्धा तास धाकट्याबरोबर धाकट्याच्या खेळाचा. थोरला कुरकुरतो, पण त्याच्या हाती राखणदारी दिली आहे हे त्याच्या लक्षात आले की बहुधा तयार होतो.