सुपरझूम लेन्स

सुपरझूम लेन्स ही लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी बनवलेली, रुंद दृश्यापासून दूरच्या वस्तूपर्यंत बहुतेक प्रसंगी उपयोगी पडणारी झूम लेन्स होय. तिच्या सर्वाधिक आणि सर्वांत कमी नाभीय अंतराचे गुणोत्तर साधारणतः सातपट किंवा त्याहून अधिक असते. मात्र या नावाची काटेकोर व्याख्या ठरलेली नाही. दोन-तीन लेन्स विकत घेण्याचा व वाहून नेण्याचा खर्च टळत असल्यामुळे प्रवासी छायाचित्रकारांमध्ये ती लोकप्रिय आहे. खरेदी करताना लक्ष बहुधा पल्ल्याच्या मोठ्या आकड्याकडे जाते. प्रवासातील उपयुक्तता मात्र लेन्सचे रुंद टोक आणि ती आत घेत असलेला प्रकाश यांवर अधिक अवलंबून असते.

इतिहास

३५ मिमी स्थिरचित्रण कॅमेऱ्यासाठीची पहिली झूम लेन्स, फोक्टलेंडरची झूमार, १९५९ मध्ये आली. तिचा पल्ला ३६–८२ मिमी, म्हणजे सव्वादोन पटींहून थोडाच अधिक होता. १९९२ मध्ये टॅमरॉन या जपानी कंपनीने २८–२०० मिमी लेन्स बाजारात आणली. अगोलीय भिंगांच्या वापरामुळे ती हातात मावेल एवढी आटोपशीर झाली आणि सुपरझूम प्रकाराचा प्रसार वाढला. निकॉनच्या २००५ मधील १८–२०० मिमी लेन्समध्ये कंप कमी करणारी यंत्रणाही होती. टॅमरॉनच्या २०१७ मधील १८–४०० मिमी लेन्सचा पल्ला बावीसपट आहे.

रचना आणि मर्यादा

एकाच नाभीय अंतरासाठी बनवलेल्या लेन्समधील दोष दूर करणे तुलनेने सोपे असते. सुपरझूममध्ये तीच भिंगे पुढेमागे सरकवून संपूर्ण पल्ला सांभाळावा लागतो, त्यामुळे तडजोड अटळ ठरते. रुंद टोकाला सरळ रेषा बाहेर फुगतात, तर लांब टोकाला बहुधा आत ओढल्या जातात. आधुनिक कॅमेरे हे विरूपण संगणकीय प्रक्रियेने दुरुस्त करतात. या प्रक्रियेत चित्राच्या कडांवरील तपशील थोडा मऊ पडतो.

प्रकाशाची मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. एफ-अंक म्हणजे नाभीय अंतर भागिले छिद्राचा परिणामी व्यास. ४०० मिमीला एफ/३.५ राखायचे तर हा व्यास सुमारे ११४ मिमी लागेल आणि लेन्स अवजड व महाग होईल. म्हणून लांब टोकाला छिद्र एफ/६.३ पर्यंत लहान ठेवले जाते. एफ/३.५ च्या तुलनेत तेथे जेमतेम एक तृतीयांश प्रकाश मिळतो. १/२०० सेकंदाच्या जागी सुमारे १/६० सेकंद शटर उघडे ठेवावे लागते. स्थिरीकरण यंत्रणा हाताचा कंप सावरते, परंतु नाचणारा कलाकार किंवा उडणारा पक्षी ती स्थिर करू शकत नाही. जाहिरातींत हा फरक क्वचितच स्पष्ट केला जातो.

निवड

रुंद टोकाची उणीव नंतर भरून काढता येत नाही. वाड्याच्या चौकात किंवा अरुंद गल्लीत मागे सरकण्यास जागा नसते. एपीएस-सी संवेदकावर १८ मिमीचा कर्णकोन सुमारे ७६ अंश असतो. २४ मिमीला तो ६१ अंशांवर येतो. पूर्णचौकट संवेदकासाठी बनवलेली २४–२४० किंवा २८–२०० मिमी लेन्स एपीएस-सी कॅमेऱ्यावर लावल्यास हीच अडचण येते.

लांब टोकाची उणीव मात्र चित्र कापून काही अंशी भरता येते. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर १३५ मिमीने घेतलेले चित्र २०० मिमीइतके दिसेल असे कापल्यास सुमारे ११ मेगापिक्सेल उरतात. ए४ आकाराच्या, प्रतिइंच ३०० ठिपक्यांच्या छपाईस साधारण ८.७ मेगापिक्सेल पुरेसे असतात. वजनातील फरकही मोठा आहे: सोनीची १८–१३५ मिमी लेन्स ३२५ ग्रॅमची, तर १८–४०० मिमी लेन्स ७०० ग्रॅमहून जड आहे. वन्यजीव हा प्रवासाचा मुख्य हेतू नसेल, तर मध्यम पल्ल्याची लेन्स सहसा अधिक सोयीची ठरते.

अंधाऱ्या जागी कोणतीही सुपरझूम अपुरी पडते. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे, तेथे एफ/१.८ ची लेन्स एफ/५ च्या साडेसात पटींहून अधिक प्रकाश घेते. एकाच लेन्सचा आग्रह नसेल, तर एखादी स्वस्त ३५ किंवा ५० मिमी लेन्स सोबत ठेवता येते.

वापरलेली लेन्स घेताना

वापरलेल्या लेन्समुळे खर्च बराच कमी होतो. मात्र कॅमेऱ्याशी जुळणी आधी पाहावी लागते: निकॉनच्या डी३००० व डी५००० मालिकांतील कॅमेऱ्यांत फोकस-मोटर नसल्यामुळे जुन्या एएफ लेन्स त्यांवर स्वयंचलित फोकस करत नाहीत. कॅमेरा खाली तोंड करून धरल्यावर नळी आपोआप घसरत असेल, तर ती सैल झालेली असते. कोकणासारख्या दमट हवेत राहिलेल्या लेन्समध्ये बुरशीचा धोका अधिक असतो; विजेरीचा प्रकाश तिरपा टाकून पाहिल्यास आतील भिंगांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. ही बुरशी भिंगावरील लेप खाऊन टाकते, आणि अशा वेळी पुसूनही त्याची खूण जात नाही.