कमरेच्या बटव्याची धातूची पट्टी

इंग्लंडमध्ये नांगरलेल्या शेतांतून धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या हौशी मंडळींना अधूनमधून एक चमत्कारिक वस्तू सापडते. वीतभराहून आखूड अशी तांब्याच्या मिश्रधातूची ओतीव पट्टी, मधोमध ढालीच्या किंवा चौकटच्या आकाराचा फुगवटा, त्यात बसविलेली फिरती कडी आणि टोकांस लहानशा गाठी असे तिचे रूप असते. बहुधा ती मोडकीच मिळते. प्रथमदर्शनी एखाद्या कुलपाचा अथवा घोड्याच्या साजाचा भाग वाटावा अशी ही वस्तू वस्तुतः पैशांच्या बटव्याची आहे. सामान्यतः तिचा काळ इ. स. १४५० ते १५५० असा मानला जातो.

त्या काळी तिकडील कपड्यांना आजच्यासारखे खिसे नसत. चांदीचे पेनी, किल्ल्या, मोहोर असा ऐवज कमरपट्ट्यास लटकविलेल्या चामडी वा कापडी बटव्यात ठेवीत. आपल्याकडील कमरेचा कसा किंवा चंची डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे कल्पना येईल. फरक इतकाच की, कशाचे तोंड नाडीने आवळले जाई, तर या बटव्याचे तोंड धातूच्या चौकटीने उघडे-मीट होई. आडव्या पट्टीच्या टोकांशी अर्धवर्तुळाकार कमानी सांधलेल्या असत. कमानींच्या काठांवर भोके पाडलेली असत व त्यांतून दोरा ओवून पिशवी शिवीत. कडी फिरती असल्यामुळे माणूस चालला, वाकला तरी बटव्यास पीळ पडत नसे. चामडे व कापड मातीत कुजून जाते. धातू तेवढा उरतो. म्हणूनच आज हाती येतो तो बटवा नव्हे, त्याचा सांगाडा.

या पट्ट्यांवरील नक्षी विशेष पाहण्याजोगी असते. धातूत कोरलेल्या रेघांमध्ये निएलो नावाचा काळा लेप भरीत. चांदी, तांबे व शिसे गंधकासह तापवून हे मिश्रण सिद्ध होते. पिवळ्या धातूवर काळी अक्षरे उठून दिसत. बिदरी कामात काळ्या भूमीवर चांदी चमकते. येथे रंगांची योजना नेमकी उलट आहे. कित्येक पट्ट्यांवर कुमारी मेरीच्या वंदनाचे लॅटिन शब्द, तर काहींवर देवाच्या गौरवाची वचने आढळतात. पैशाच्या पिशवीवर प्रार्थना कोरण्यात भक्ती किती आणि चोराचे भय किती, हे सांगणे अवघड आहे. पण भय खरे होते. बटव्याची दोरी कापून पळणाऱ्या चोरास इंग्रजीत ‘बटवा कापणारा’ असेच नाव पडले होते. आपल्या प्राचीन ग्रंथांतील ‘ग्रंथिभेदक’ हा त्याचाच भाऊबंद. पुढे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरुषांच्या तुमानींना शिवलेले खिसे येऊ लागले आणि अशा बटव्यांची गरज ओसरली.

अशी एकटी पट्टी तेथील १९९६ च्या निधी कायद्याखाली सहसा येत नाही. कारण तो मुख्यतः सोन्याचांदीच्या जुन्या वस्तूंसाठी आहे. २०२३ मध्ये त्याची व्याप्ती वाढली, तीही असाधारण महत्त्वाच्या वस्तूंपुरतीच. तेव्हा ही पट्टी दाखवावी की नाही, हे सर्वस्वी सापडणाऱ्याच्या इच्छेवर राहते. यासाठी १९९७ मध्ये ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ ही योजना प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली व २००३ पर्यंत ती संपूर्ण इंग्लंड व वेल्समध्ये पसरली. योजनेचा अधिकारी वस्तू मोजतो, तिचे वजन व छायाचित्र घेतो, नेमके स्थळ नोंदवितो आणि वस्तू परत करतो. अशा नोंदवलेल्या वस्तूंची संख्या १५ लाखांहून अधिक झाली आहे. एका पट्टीस बाजारात फारशी किंमत नसेल. पण शेकडो पट्ट्यांची स्थळे नकाशावर मांडली की माणसे कोठे वावरत होती, कोणत्या शेतात राबत होती, याचा माग लागतो. स्थळ हरवले की हा पुरावा कायमचा जातो.

आपल्याकडील अनुभवही हेच सांगतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये झुडपाच्या मुळाशी खणताना एका स्थानिक शेतकऱ्यास हत्ती, गेंडा, रेडा व रथ अशी काशाच्या घडणीची चार अप्रतिम शिल्पे मिळाली. मात्र ती शास्त्रीय उत्खननातील थरात न सापडल्यामुळे त्यांच्या काळाविषयी विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला.

ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी व शिक्षकांनी १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यातील तरतूद म्हणूनच ध्यानी ठेवावी. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावयाचे असते. कळविण्याच्या बाबी तीन: निधीचे स्वरूप व अंदाजे मूल्य, तो सापडल्याचे ठिकाण आणि सापडल्याची तारीख. यांपैकी ठिकाण लिहिताना केवळ गावाचे नाव न देता गट क्रमांक, शेताचा कोपरा व खोली हीही लिहावी.