हलक्या वेणीचं गणित

दोन मैत्रिणी घ्या. दोघींच्या डोक्यावर साधारण लाखभर केस, दोघींचे केस ५० सेंटीमीटर लांब. फरक एवढाच की एकीचा केस ५० मायक्रॉन जाड आहे आणि दुसरीचा ८०. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, त्यामुळे एकेक केस शेजारी ठेवला तरी हा फरक नुसत्या डोळ्यांना जेमतेम कळेल. पण केसाची घनता दर घन सेंटीमीटरला १.३ ग्रॅमच्या आसपास धरून हिशेब मांडला, तर पहिलीच्या केसांचं वजन भरतं सुमारे १३० ग्रॅम आणि दुसरीच्या केसांचं सुमारे ३३०. केस तेवढेच, लांबी तेवढीच, वेणी मात्र अडीचपट जड.

ताठपणात तर याहून मोठी तफावत पडते. वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, ताठपणा चौथ्या घाताच्या. म्हणजे ८० मायक्रॉनचा केस ५०च्या केसापेक्षा साडेसहापट ताठ. खराट्याची काडी उभी राहते आणि केरसुणीची लवते, तसंच हे. बारीक केस मुळापाशी उभा राहू शकत नाही, टाळूवर पडून राहतो आणि डोकं चपटं दिसतं. यात पोषणाची हयगय नाही की कुणाच्या आईने तेल लावायचा कंटाळा केला असंही नाही. केसाची जाडी मुळाशी असलेल्या पिशवीच्या आकारावर ठरते, आणि त्या पिशव्यांची संख्या तर आईच्या पोटात पाचव्या महिन्याच्या सुमारास ठरून गेलेली असते.

केस जन्मतः बारीक असणं वेगळं आणि आधी बरे असलेले केस विरळ होत जाणं वेगळं. बाजारातल्या बहुतेक बाटल्या हा फरक पुसून टाकण्यावर चालतात.

‘टक्कल केलं की दाट येतात’

जावळ काढलं की बाळाचे केस दाट येतात, हे आपल्याकडे इतकं पक्कं बसलेलं आहे की मोठेपणीही काहीजणी हौसेने नाही तर हताश होऊन डोकं भादरून घेतात. वस्तरा चालतो तो केसाच्या कातडीबाहेरच्या भागावर, आणि तो भाग निर्जीव असतो. मुळाला त्याची खबरही लागत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच दाढीच्या केसांवर हे तपासलं होतं. वारंवार दाढी केल्याने केसांची जाडीही वाढली नाही आणि वाढीचा वेगही.

मग हाताला खरखरीत का लागतं? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं. वस्तऱ्याने कापलेल्याचं सपाट, म्हणून ते बोटाला टोचतं. बाळाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. जन्माच्या वेळचे मऊ केस पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप जाऊन त्यांच्या जागी जाड केस येऊ लागतात. नेमक्या त्याच काळात जावळाचा विधी होतो आणि श्रेय वस्तऱ्याला मिळतं. विधी म्हणून जावळ जरूर करावं, पण त्यातून दाट केसांची अपेक्षा धरू नये.

‘भरपूर तेल लावा, केस भरतील’

तेलाबद्दल बोलताना जरा जपून बोलावं लागतं, कारण इथे प्रश्न आजीचा असतो. खोबरेल तेलाच्या बाजूने खरोखरच पुरावा आहे. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात केसातून धुतलं जाणारं प्रथिन फक्त खोबरेलाने कमी झालं. त्यातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूंचं असल्याने केसाच्या आत शिरतं. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवलं, तरी निष्कर्षामागचं रसायनशास्त्र पटण्यासारखं आहे.

पण या अभ्यासाने सांगितलं काय? असलेला केस कमी झिजतो. नवा केस उगवतो किंवा जाड होतो, असं त्यात कुठेही नाही. आणि बारीक केसांची खरी अडचण इथून पुढे सुरू होते. तेलाने वेणी हाताला जड लागते हे खरं, पण ते वजन तेलाचं. केस एकमेकांना चिकटून त्यांच्या बटा होतात, बटांमधून टाळू दिसू लागते. दाट दिसायला केसांमध्ये हवा खेळावी लागते, आणि तेल ती हवाच काढून टाकतं. जड आणि दाट या दोन्ही इच्छा बारीक केसांत एकमेकींच्या विरुद्ध जातात, हे एकदा कळलं की निम्मे प्रयोग आपोआप थांबतात. तेल हवंच असेल तर नहाण्याआधी तासभर, केसांच्या लांबीवर, आणि मग नीट धुऊन टाकावं. कंडिशनरलाही हाच न्याय: कानाच्या खाली, टोकांपर्यंत, मुळांना नाही.

याच्याच जोडीची समजूत म्हणजे शाम्पूने केस गळतात ही. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. ते आधीच मुळातून सुटलेले असतात, धुताना फक्त हातात येतात. आठवड्यातून एकदाच नहाणं झालं तर साठलेले सगळे एकदम दिसतात आणि धसका बसतो. उलट बारीक केस लवकर तेलकट होतात, तेव्हा सौम्य शाम्पूने जरा जास्त वेळा धुणं त्यांना मानवतं.

जाडीचा भास, पण उपयोगाचा

केस जाड करता येत नाही, जाड भासवता येतो. यात कमीपणा वाटायचं कारण नाही. नुसत्या पाण्याने केस जाडीत सुमारे १५ टक्के फुगतो, वाळला की परत जागेवर. जाडी वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या फवाऱ्यांत आणि फेसांत बहुधा पॉलिमर असतात. ते केसावर पातळ थर देतात आणि केसांमधलं घर्षण वाढवतात, त्यामुळे केस एकमेकांवरून घसरत नाहीत. २०११ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीत एक अभ्यास आला होता. कॅफिन, नायासिनमाइड, पॅन्थेनॉल, सिलिकोन आणि पॉलिमर यांचं न धुता ठेवायचं मिश्रण लावल्यावर प्रत्येक केसाची जाडी २ ते ५ मायक्रॉनने वाढली. आकडा किरकोळ वाटतो, पण छेदाचं क्षेत्रफळ त्याने सुमारे १० टक्के वाढतं. धुतलं की गेलं, हेही तितकंच खरं.

घरगुती उपायांत या कामाला खरी उतरते ती मेंदी. तिच्यातलं लॉसोन हे रंगद्रव्य केसातल्या केराटिनला धरून बसतं आणि केस भरीव, किंचित राठ लागतो. मात्र बाजारातल्या ‘काळ्या मेंदी’त अनेकदा पॅरा-फेनिलिनडायअमाइन हे रसायन मिसळलेलं असतं आणि त्याची ॲलर्जी फार वाईट असते.

कापण्याचाही मोठा हात आहे. खांद्यापर्यंतचे, टोकाला एका रेषेत कापलेले केस दाट दिसतात. लांब ठेवून थर पाडले की खालची टोकं उंदराच्या शेपटीवर येतात. ओल्या केसांतले हायड्रोजन बंध सुटलेले असतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. म्हणून डोकं खाली करून, मुळं उचलून केस वाळवले तर तो उठाव टिकतो. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात तो दुपारपर्यंतही टिकेल असं नाही, कारण हवेतला ओलावा तेच बंध पुन्हा सोडवतो. लग्नाकार्यात अंबाडा भरदार हवा असेल तर गंगावन आहेच. ते फार जड घेऊ नये आणि रोज घट्ट ओढून बांधू नये, कारण सततच्या ओढीने कपाळाकडचे केस कायमचे जाऊ शकतात.

सलूनमधल्या केराटिन ट्रीटमेंटने केस ‘भरतात’ असं सांगितलं जातं. ती प्रक्रिया केस सरळ आणि गुळगुळीत करण्यासाठी असते, म्हणजे बारीक केसांना नको ते नेमकं करणारी. त्यातून काही मिश्रणं तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड सोडतात. पैसे देऊन डोकं चपटं करून घेण्याचं मला तरी कारण दिसत नाही.

‘बायोटिन घ्या’

बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ असते, आणि ती नसताना गोळ्यांनी केस जाड होतात याचा भक्कम पुरावा नाही. शिवाय मोठ्या मात्रेत घेतलेलं बायोटिन रक्ततपासण्यांत गोंधळ घालतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये त्याबद्दल इशारा दिला: हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणी त्यामुळे चुकीने कमी येऊ शकते. गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

पोषक द्रव्य जास्त घेतलं तर बिघडतं काय, असं विचारणाऱ्यांनी शेगाव आठवावं. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केस गळून हैराण झाली. आधी संशय पाण्यावर गेला. पुढच्या तपासण्यांत रुग्णांच्या रक्तात सेलेनियमचं प्रमाण वाढलेलं सापडलं, आणि महाडचे वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. हेच सेलेनियम केसांच्या अनेक गोळ्यांत ‘पोषक’ म्हणून घातलेलं असतं. तपासून घ्यायच्या गोष्टी वेगळ्या आहेत: हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), थायरॉइड. निम्म्याहून अधिक भारतीय स्त्रियांना रक्तक्षय असताना लोहाची तपासणी सोडून बायोटिन घेत बसणं उलटंच आहे.

विरळ होणं

बाळ हसायला लागलं की आईचे केस गळतात, असं घरातल्या बायका सांगतात. कारण म्हणून ते चुकीचं, निरीक्षण म्हणून अचूक. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस जास्त काळ वाढीच्या अवस्थेत राहतात. बाळंतपणानंतर ते एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. बाळाच्या हसण्याचा काळ तोच. डेंगी, टायफॉइड, मोठी शस्त्रक्रिया, उपाशी राहून झपाट्याने घटवलेलं वजन यांनंतरही हेच घडतं. केस महिन्याला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून भरून यायला सहा महिने ते वर्ष जातं. त्या काळात जे तेल चालू असेल, ते नवसाला पावल्यासारखं गाजतं.

पण भांग रुंदावत चालला असेल, वेणीचा घेर वर्षागणिक उतरत असेल, तर मुळाची पिशवीच आक्रसते आहे आणि दर खेपेला आधीपेक्षा बारीक केस उगवतो आहे, अशी शक्यता असते. इथे मिनॉक्सिडिलला आधार आहे. रक्तदाबाची गोळी म्हणून आलेल्या या औषधाने रुग्णांच्या अंगावर केस वाढताना दिसले, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते टाळूवर लावायला मंजूर झालं. सुरुवातीच्या आठवड्यांत त्याने केस जास्त गळू शकतात, आणि घाबरून बरेचजण तिथेच सोडतात. परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात आणि औषध थांबवलं की मिळवलेले केस काही महिन्यांत जातात. ते किती वर्षं चालवायचं आणि गरोदरपणाचा विचार असेल तर केव्हा बंद करायचं, हे पहिली बाटली घेण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञाला विचारून घ्यावं.