माळा रिकामा करताना

दिवाळीची साफसफाई निघाली की आखूड झालेले शर्ट, जळका मिक्सर, बंद पडलेला फ्रिज, सगळंच हलवायचं असतं. ते कुठे जावं याबद्दल आपल्या काही समजुती इतक्या पक्क्या आहेत की त्यांपायी चांगल्या वस्तूंचाही कचरा होतो.

‘गरजूला काहीही चालतं’ ही त्यातली सर्वांत वाईट. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. कोळ्यांच्या वस्तीत न वापरले जाणारे, फाटलेले, मळलेले कपडे कुणी उचलणार तरी कशाला? अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था कपडे भीक म्हणून वाटत नाही. गावकरी विहीर, रस्ता, बंधारा अशी गावाची कामं करतात आणि त्या श्रमांचा मोबदला म्हणून कपडे घेतात. मोबदल्यात फाटका सदरा कसा द्यायचा? तेव्हा धुतलेलं, बटणं शाबूत असलेलं, आपण स्वतः घालू असंच द्यावं.

बोहारणीला कपडे देणं म्हणजे नुकसान, असंही पुष्कळजण मानतात. भांड्याच्या बदल्यात नेलेले कपडे निवडून, धुऊन, उसवलेलं शिवून, इस्त्री करून पुन्हा बाजारात जातात. ते कपडे पुन्हा अंगावर चढतात ते या मेहनतीमुळे. बोहारणीशी एका वाटीसाठी घासाघीस करताना एवढं ध्यानात असू द्यावं.

जुना फ्रिज भंगारात गेला की विषय मिटला, हाही गैरसमज. तांब्यासाठी नळी कापली की आतला वायू हवेत सुटतो. बऱ्याच फ्रिजमध्ये असलेला आर-१३४ए हा वायू वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. तारा जाळून तांबं काढलं जातं तेव्हा विषारी धूर आधी जाळणाऱ्याच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीला फोन करून संकलन केंद्र विचारावं. मोबाइल देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढून फॅक्टरी रीसेट करावं.

ऑनलाइन विकताना एकच गोष्ट पाठ असावी: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. सोफा न बघता, भाव न करता लगेच ‘कोड पाठवतो’ म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्यावा.

राहिली करसवलत. कपडे, भांडी, पुस्तकं दान केली तर आयकरात देणगीची वजावट मिळत नाही. ती फक्त पैशांच्या देणगीवर, तीही जुन्या करप्रणालीत. ती हवी असेल तर वस्तू विकून आलेली रक्कम नोंदणीकृत संस्थेला चेकने किंवा ऑनलाइन द्यावी. रोख देणगी २००० रुपयांच्या वर गेली की वजावट नाही.