दयामरण

दयामरण : असाध्य व्याधीने वा असह्य यातनांनी ग्रासलेल्या जीवाची सुटका व्हावी, या बुद्धीने त्याचा अंत घडवून आणणे. अशा कृतीमागील करुणेमुळे तिचे नैतिक स्वरूप बदलते काय, हा नीतिशास्त्रातील एक मूलभूत प्रश्न होय. त्याच्या विवेचनात उद्दिष्ट व हेतू यांत भेद करावा लागतो. जे घडवून आणावयाचे ते उद्दिष्ट आणि ज्या भावनेने ते घडवावेसे वाटते तो हेतू. वारसाहक्कासाठी विष देणारा व वेदना संपाव्यात म्हणून विष देणारा यांचे हेतू भिन्न असले, तरी मृत्यू हे उद्दिष्ट दोघांचेही असते.

पीटर ॲबेलार्ड (१०७९–११४२) याने पापाचे मूळ बाह्य कृतीत नव्हे, तर कर्त्याच्या अंतःकरणातील संमतीत मानले. उलट, जॉन स्ट्यूअर्ट मिल (१८०६–७३) याच्या मते हेतूवरून कर्त्याची योग्यता ठरते; कृतीची नैतिकता ठरत नाही.

बौद्ध परंपरेत दोन्ही बाजू आढळतात. करुणेपोटी आजारी भिक्षूपुढे मृत्यूची प्रशंसा करून त्याच्या मरणास कारण झालेले भिक्षू विनयपिटकानुसार पाराजिक, म्हणजे संघातून च्युत होण्याच्या, दोषास पात्र ठरतात. महायान पंथाच्या उपायकौशल्यसूत्रातील नावाड्याची कथा याहून वेगळी आहे. पाचशे व्यापाऱ्यांचे प्राण वाचावेत आणि त्यांच्या हत्येचे पाप दरोडेखोरालाही लागू नये, म्हणून तो दरोडेखोरास ठार करतो. मात्र त्यासाठी स्वतः नरकयातना भोगण्याची त्याची तयारी असते.

साबरमती आश्रमातील एका मरणोन्मुख वासरास महात्मा गांधींनी १९२८ मध्ये विषाची सुई देववली. त्यावरून उठलेल्या वादात, निःस्वार्थ बुद्धीने यातना संपविणे ही अहिंसाच होय, असे त्यांनी प्रतिपादन केले. हे तत्त्व त्यांनी मनुष्यासही लागू मानले. तथापि मनुष्याच्या शुश्रूषेचे अन्य मार्ग बहुधा उपलब्ध असतात, असेही नमूद केले.

कायदा सामान्यतः हेतूपेक्षा उद्दिष्टास महत्त्व देतो. कॅनडातील एका शेतकऱ्याने १९९३ मध्ये आपल्या तीव्र अपंग मुलीस वेदनामुक्तीसाठी ठार केले. त्याचा ‘अपरिहार्यते’चा बचाव तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये फेटाळला व जन्मठेप कायम केली. भारतात अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या स्वतःच्या संमतीने घडविलेला मृत्यू खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. हा अपवाद १८६० च्या भारतीय दंड संहितेतून २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत आला आहे. येथे गुन्ह्याचे स्वरूप पालटते ते मरणाऱ्याच्या संमतीमुळे, मारणाऱ्याच्या दयेमुळे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अरुणा शानबाग प्रकरणात व २०१८ मध्ये घटनापीठाच्या निर्णयाने जीवरक्षक उपचार थांबविण्यास सशर्त मान्यता दिली. प्रत्यक्ष प्राणहरणास मात्र दिली नाही.

करुणेमुळे कर्त्याचा दोष सौम्य होऊ शकतो. परंतु करुणा निर्णयाच्या अचूकतेची हमी देत नाही. दुसऱ्याची यातना पाहणे असह्य होणे आणि ती यातना त्याला स्वतःला असह्य होणे या दोन गोष्टी सहज एकरूप भासतात. म्हणूनच पीडिताची स्वतःची इच्छा, पर्यायांचा अभाव व त्रयस्थांची पडताळणी या कसोट्या दयेच्या जोडीने आवश्यक मानल्या जातात.